बिबट्याचं रक्त नाही हो, घरचंच मांजर आहे ते

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत बेंगाल मांजरावर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मजकुरात पहिल्याच ओळीत "अर्धं मांजर, अर्धा बिबट्या", मग "बंगालच्या जंगलातली जात", आणि शेजारी चौकटीत ठळक अक्षरात किंमत, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात काय राहणार तर जंगली रक्त आणि पैसा, बाकी काही नाही. मी एरवी पेपरला पत्रं लिहिणाऱ्यातली नाही, आमचे हे लिहायचे, पाणीपट्टीवर वगैरे. पण मंगळवारी सकाळी निफाडहून पुतण्याचा फोन आला आणि तेव्हाच ठरवलं की लिहायचं. तो म्हणाला, "काकू, ऊसतोड चालूय, फडात तीन पिल्लं सापडलीत, सेम तुमच्या बंडूसारखी ठिपक्याठिपक्यांची, पेपरात आलंय ना त्यातलीच, कितीला जातील?"

त्या पिल्लांचं काय झालं ते सांगते, पण आधी बंडूचं सांगावं लागेल.

बंडू म्हणजे आमचा बेंगाल बोका, चार वर्षांचा, साडेपाच किलो. मुलीने हौसेने आणला, मग मुलगी नोकरीला हैदराबादला गेली आणि बंडू आमच्या गळ्यात पडला, आता तो दोन तास दिसला नाही की मलाच करमत नाही ही गोष्ट वेगळी. त्यामुळे या जातीबद्दल मिळेल ते मी वाचत असते, रिटायर माणसाला दुसरं काम काय.

तर बिबट्याचा इथे काही संबंध नाही. संबंध आहे तो बिबट मांजराचा, आणि ते जनावर आपल्या घरच्या मांजराएवढंच असतं, पाय जरा उंच, डोळे मोठे, अंगभर ठिपके, आणि इतकं बुजरं की जंगलात नेहमी फिरणाऱ्यांनाही क्वचित दिसतं. आपल्या सह्याद्रीतही आहे. शास्त्रीय नाव प्रायोनेलुरस बेंगालेन्सिस. १७९२ साली रॉबर्ट केर यांनी त्याचं वर्णन छापलं, नमुना बंगालचा होता म्हणून बेंगालेन्सिस, आणि त्या नावावरून पुढे अमेरिकेत तयार झालेल्या जातीला बेंगाल. बॉम्बे डक म्हटलं की बदक नसतं, आपला बोंबील असतो, तसंच हे.

आता ही जात आली कुठून, तर सुरुवात काही गोड नाहीये. साठच्या दशकात आशियात बिबट मांजराची पिल्लं बाजारात विकायला असायची, शिकारी कातड्यासाठी आईला मारायचे आणि मागे उरलेली पिल्लं पर्यटकांना विकायचे, अमेरिकेतल्या पेट शॉपमध्येसुद्धा मिळायची त्या काळी. जीन सग्डेन नावाच्या अमेरिकन बाईंनी अशीच एक मादी घेतली, नाव ठेवलं मलेशिया. तिला एकटं वाटू नये म्हणून सोबतीला एक काळा बोका ठेवला, त्यांना वाटलं ही दोन वेगळी जनावरं, यातून काही व्हायचं नाही. झालं. १९६३ मध्ये पिल्लू, ठिपक्यांची मादी, किन-किन. पुढे जीनबाईंचे मिस्टर वारले, घर बदललं आणि ते सगळं तिथेच थांबलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात डॉ. विलर्ड सेंटरवॉल हाच संकर करत होते पण ठिपक्यांसाठी नाही, ल्युकेमियाच्या म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी. मांजरांना विषाणूमुळे ल्युकेमिया होतो, आणि घरच्या मांजराच्या जनुकांमध्ये त्या विषाणूसारखे जुने तुकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात, बिबट मांजरात ते नसतात, तर संकरातून त्या रोगाबद्दल काही उलगडतं का हे त्यांना बघायचं होतं. त्यांना हवे होते रक्ताचे नमुने, ते झाल्यावर मांजरींना घर पाहिजे होतं, आणि १९८० च्या सुमारास त्यातल्या काही जीनबाईंकडे आल्या. तोवर दुसरं लग्न होऊन त्या जीन मिल झाल्या होत्या. आजच्या बेंगालचा पाया म्हणजे या मांजरी. म्हणजे बघा, एक अपघात आणि एक प्रयोगशाळा, यातून ही जात उभी राहिली, बंगालच्या जंगलातून कोणी उचलून आणलेली नाही.

आता जे तुमच्या लेखात अजिबात नाही आणि जे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले होते ते सांगते. या संकरात पहिल्या दोन-तीन पिढ्यांतले नर बहुतेक वांझ निघतात, त्यामुळे मादीला बोका बाहेरचा, घरच्या मांजरांतला शोधावा लागतो. जीन मिल यांना तो मिळाला १९८२ मध्ये, आपल्या दिल्लीत. प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारा एक बेवारस बोका, तांबूस सोनेरी अंग आणि त्यावर गडद ठिपके. तो थेट अमेरिकेला गेला, कागदावर नाव लागलं टोरी ऑफ दिल्ली. त्याच्या केसांना उन्हात सोन्याचा मुलामा दिल्यासारखी चमक होती आणि ती पुढे वंशात उतरली, ब्रीडर लोक तिला ग्लिटर म्हणतात आणि तिच्यावर भाव लावतात. बंडू सकाळी खिडकीत बसला आणि ऊन पाठीवर पडलं की मलाही दिसते, केसांच्या टोकांवर कोणी जरीची पूड भुरभुरवली असावी तशी. ही चमक जंगलातली नाही, दिल्लीच्या रस्त्यावरच्या मांजराची आहे. आणि आपण आपल्या गल्लीतल्या मांजराला शुक शुक करून हाकलतो.

हे मी मनाचं सांगत नाही. २०२४ मध्ये ९४७ मांजरांचे जनुक तपासून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बेंगालमध्ये बिबट मांजराचा अंश सरासरी निघाला ३.४८ टक्के. अर्धा नाही, पाव नाही, शंभरात साडेतीन. ग्लिटरमागचं जनुकही सापडलं, एफजीएफआर२ म्हणून आहे, त्याचं काम थोडं मंदावतं त्यामुळे केसाची घडण बदलते आणि प्रकाश वेगळा परावर्तित होतो, आणि हा फरक घरच्या मांजराकडून आलेला. नक्षी आणि केसांबाबत ब्रीडर लोकांनी ज्या गोष्टी वर्षानुवर्षं निवडून पुढे नेल्या त्यातल्या बऱ्याच घरच्या मांजराकडच्याच निघाल्या. जंगली बाजूचंही काही आहे, नाही असं नाही, चारकोल म्हणून जो काळपट प्रकार असतो, तोंडावर मुखवटा आणि पाठीवर काळा पट्टा, तो बिबट मांजराच्या जनुकामुळे येतो, अंगावरचा नारिंगी रंग किती गडद किती फिका यातही त्याचा हात आहे. पण तेवढंच. बिबट मांजर आणि आपलं मांजर यांची वाट साधारण साठ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, एवढ्या लांबचं नातं तीस-चाळीस वर्षांत किती टिकणार, दर पिढीला निम्मं निम्मं होत जातं ते. चौथ्या पिढीपासून पुढचं बेंगाल घरगुती मांजर म्हणूनच धरतात. मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्था असतात, त्यातल्या टिकाने (टीआयसीए) १९९१ मध्ये त्यांना चॅम्पियनशिपमध्ये घेतलं, सीएफए या जुन्या संस्थेला मात्र जंगली रक्त मंजूर नव्हतं, त्यांनी २०१६ पर्यंत ताणून धरलं.

आता केसांचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण फसवाफसवी इथेच चालते.

बंडू आला तेव्हा अकरा आठवड्यांचा होता. फोटोत दाखवलेलं पिल्लू चकचकीत, काळे ठिपके, आणि पिंजऱ्यातून निघालं काय तर नारळाच्या काथ्याचा गोळा. राखाडी, विस्कटलेले लांब लांब केस, ठिपके असे पुसट की पाटीवरचं ओल्या फडक्याने अर्धवट पुसलंय. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले हे काय, उन्हात ठेवलेलं घोंगडं आणलंस का. मुलगी रडकुंडीला. मी ब्रीडरला फोन लावून नको नको ते बोलले, तो बिचारा शांतपणे म्हणाला, मॅडम, फझी आहे, थांबा.

तर हे फझी म्हणजे काय. बेंगालचं पिल्लू जन्मतं तेव्हा नक्षी अगदी स्वच्छ असते. तीन-चार आठवड्यांचं झालं की अंगभर लांब, फिके केस उगवायला लागतात आणि खालची नक्षी धुक्यात गेल्यासारखी होते. जंगलात पिल्लू पहिल्यांदा बिळाबाहेर पडतं त्याच वयात हे होतं, म्हणून लोक म्हणतात की लपायची सोय असावी, बिबट मांजराकडून आलेली, पटण्यासारखं आहे. मग साधारण तीन-चार महिन्यांपासून ते केस गळायला लागतात, खालून आखूड, मऊ, दाट असे खरे केस वर येतात आणि नक्षी परत उमटते. काही पिल्लांना हा प्रकार जवळजवळ होतच नाही, काहींना आठ महिने लागतात. पूर्ण रंग यायला वर्षही लागतं.

बंडूचं मी रोज बघायचे. आधी पोट आणि पाय मोकळे झाले, कारण तिथे मुळात धुकं कमी असतं, ब्रीडर लोक म्हणूनच पिल्लू उताणं करून पोटावरचे ठिपके बघतात. मग नाकावरून कपाळाकडे, मग खांदे, आणि पाठ सगळ्यात शेवटी. सहाव्या महिन्यात एक दिवस मी त्याला पुसत होते आणि बघते तर कमरेवरच्या एका भरीव ठिपक्याच्या मधोमध तपकिरी रंग फुटलेला. याला रोझेट म्हणतात, ठिपका मोठा होता होता मधून उघडतो आणि बाहेर गडद कडं राहतं. पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून बरेचसे उघडले, मी तर शेजारणीला बोलावून दाखवायचे, आज हा उघडला बघ, कृष्णकमळ फुलल्यासारखं. मार्बल नावाचा वेगळा प्रकार असतो, त्यात ठिपके नसतात, लाटा असतात, आणि त्याही वाढीबरोबर पसरत जातात. स्नो बेंगाल जन्मताना जवळजवळ पांढरंच असतं, नक्षी नंतर सावकाश वर येते.

आता यात गोम अशी की पिल्लं विकायचं वय बारा आठवड्यांच्या आसपास, म्हणजे नेमकं सगळ्यात भुताटकी दिसायचं वय. प्रामाणिक ब्रीडरचं पिल्लू काथ्यासारखं दिसतं म्हणून लोक परत करतात, आणि दुसरीकडे कुणीही साधं राखाडी पट्ट्यांचं पिल्लू उचलतो आणि सांगतो फझी आहे, मोठं झालं की ठिपके येतील. आमच्याच सोसायटीत एकांनी असं घेतलं. वर्ष झालं, दीड वर्ष झालं, ठिपके काही येईनात. आहे तो अगदी गुणी बोका, पण गावठी. ते अजून म्हणतात येतील हो. मी काय बोलणार. घेण्याआधी आई-बाप दोघं बघायचे आणि पिल्लाचे तीन-चार आठवड्यांचे असतानाचे फोटो मागायचे, म्हणजे धुकं यायच्या आधीची नक्षी कळते, एवढं तरी तुमच्या लेखात यायला हवं होतं. आणि पीके डेफिशियन्सी म्हणून रक्ताचा आनुवंशिक आजार या जातीत आहे, डोळ्यांचा एक आहे, दोन्हीची टेस्ट होते, आई-बापाचे रिपोर्ट मागायचे. दिले नाहीत तर उठून यायचं.

स्वभावाबद्दल तुम्ही लिहिलंय "जंगली पण प्रेमळ". जंगली काय त्यात. पहिल्या पिढीची असतात ती खरंच वेगळी, बुजरी, माणूस दिसला की कपाटामागे, आणि घाणीच्या सवयी अशा की घरात ठेवणं मुश्कील, इंग्लंडमध्ये तर पहिल्या पिढीसाठी लायसन्स लागतं. आपण बघतो ती खूप पुढची पिढी. ती बुजत नाहीत, उलट अंगाशी येतात, प्रत्येक कामात लुडबुड करतात. बंडू पहाटे साडेचारला उठतो आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज काढत सगळ्या खोल्या फिरतो. किचनचा वर-खाली करायचा नळ त्याने महिन्याभरात शिकून घेतला, पंजाने खालून ढकलतो, मग धारेखाली डोकं. पाण्याचं वेड असं की जे आवडेल ते बादलीत नेऊन टाकतो, आत्तापर्यंत सोललेले लसूण, टीव्हीचा रिमोट, आणि ह्यांचं पेन्शनचं पासबुक. ते पासबुक मी पंख्याखाली वाळवलंय. रोज संध्याकाळी पाऊण तास काठीला बांधलेल्या पिसामागे पळवावं लागतं, नाही पळवलं तर तो पडद्यावर पळतो. बाल्कनीला जाळी नसेल तर हे मांजर घेऊच नका. पहिल्या वर्षी जाळी व्हायच्या आधी हा कठड्यावर बसला होता आणि समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, "बिबट्याचं पिल्लू, लहान मुलं आत घ्या". नाशकात खरे बिबटे येतात हो कधीकधी, लोक घाबरणारच. वॉचमन काठी घेऊन वर आला, बंडूने जाऊन त्याच्या पायाला डोकं घासलं.

दिवसभर नोकरी करणाऱ्या जोडप्याने टू बीएचकेमध्ये एकटं ठेवायचं मांजर हे नाही. आणि शोभेसाठी घेणाऱ्यांनी तर नाहीच.

बरं, निफाडचं.

पुतण्याला मी पहिलं सांगितलं, हात लावू नको, आणि कितीला जातील हे परत तोंडातून काढू नको. फोटो पाठव म्हटलं. फोटोत मुठीएवढी तीन पिल्लं, राखाडी अंग, त्यावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढरट रेघा. मला शंका आलीच, ही वाघाटीची पिल्लं. वाघाटी म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात छोटं रानमांजर, मोठी मादी किलो-सव्वा किलोची, आणि भारत, श्रीलंका, नेपाळ सोडून जगात कुठे नाही. उसाच्या फडात ती विते, तोडणी चालू झाली की आई घाबरून लांब जाते, आणि माणसांना वाटतं पिल्लं टाकून गेली. दर हंगामात हे होतं, तुमच्याच पेपरात बातम्या येतात. वाघाटी काय आणि बिबट मांजर काय, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरात ठेवलं तरी गुन्हा आहे, विकणं तर सोडाच. पण त्या पोराच्या डोक्यात रविवारची ती चौकट होती. ठिपके दिसले, किंमत आठवली. त्याला मी दोष देत नाही. साठ वर्षांपूर्वी त्या बाजारात पिल्लं विकणाऱ्याच्या डोक्यात तरी दुसरं काय होतं.

वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरवर फोन केला, वनखात्याची माणसं दुपारी आली, वाघाटीच निघाली. पिल्लं तपासली, तेवढ्या भागातली तोडणी थांबवायला सांगितली आणि संध्याकाळी जिथे सापडली तिथेच उघड्या क्रेटमध्ये ठेवून कॅमेरा लावून सगळे लांब गेले. रात्री साडेनऊनंतर आई आली. एकेक पिल्लू मानेला धरून नेलं, तीन फेऱ्या, तिसऱ्या फेरीनंतर परत एकदा येऊन रिकामा क्रेट हुंगून गेली. पुतण्याने व्हिडिओ पाठवलाय, खाली लिहिलंय "काकू केवढीशी आहे हो ती". मी चारदा बघितला, बंडूने मांडीवर बसून एकदा बघितला आणि फोनवर पंजा मारला.

तर विनंती अशी, येत्या रविवारी दुरुस्ती छापा, अर्ध्या बिबट्याची आणि बंगालची. कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, किमतीची चौकट होती तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापा, आणि त्यात १९२६ हा नंबर टाका, ऊसतोड अजून बरेच दिवस चालणार आहे.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
नाशिक